सोडलेलं वाचन

सत्यभामाबाईंनी यंदा कारलं सोडलं, तेव्हा वाचनालयात सगळ्याच हसल्या. सत्यभामाबाईंनी कारलं कधी धरलंच नव्हतं.

"हसायला काय झालं?" त्या म्हणाल्या. "नेम तो नेम. चार महिने कारल्याकडं ढुंकून बघायची नाही मी."

"आवडतं ते सोडायचं असतं, सत्यभामाबाई," मी म्हटलं. "नाहीतर सोडण्यात पुण्य कसलं?"

"तुमचं बरंय, काकू. तुम्हाला देव आवडतो. तो काही तुम्ही सोडणार नाहीत."

पुन्हा हशा. सत्यभामाबाईंची पिठाची गिरणी होती. पट्ट्याच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची सवय त्यांना वाचनालयातही सोडत नसे.

देवशयनी एकादशीची ती दुपार. आमचं धामोणी गोदावरीकाठचं. गावात तिला सगळे गंगाच म्हणतात. धान्याच्या मोंढ्याच्या मागे नगर वाचनालयाच्या दोन खोल्या आणि वर गच्ची. एवढ्याशा जागेत वर्षभर काही ना काही चाले. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांचं गोष्टींचं शिबिर, दिवाळीत अंकांची पेटी घरोघर, थंडीत गच्चीवर उन्हात बसून कवितांचं पाठांतर. आणि चातुर्मासात रोज दुपारी बायकांसाठी वाचन. चातुर्मास माझा होता. चौरंगावर पुस्तक ठेवायचं, त्याला हळदकुंकू वाहायचं आणि वाचायचं. व्रतांच्या कहाण्या, भक्तांची चरित्रं, देवीची माहात्म्यं. किती वर्षं ते वाचत होते, हे मोजायची गरज मला कधी वाटली नव्हती. जे आपलंच असतं ते कोण मोजतं?

माझा आवाज मुळात हळू. मागच्या बायका शेंगा सोलत, वाती वळत आणि आपसात बोलत. त्याचं मला काही वाटत नसे, कारण माझ्यासमोर, चौरंगाला गुडघा लावून, गयाआत्या बसत. त्या माझ्या कुणी सख्ख्या आत्या नव्हेत. सगळ्या गावाच्याच आत्या. दोन्ही डोळ्यांत वडस वाढलेलं, दिसणं जवळजवळ संपलेलं. पण प्रत्येक वाक्याला त्यांचा हुंकार येई. 'हूं.' गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. विहिरीत पोहरा सोडावा आणि तो पाण्याला टेकल्याचं हाताला कळावं, तसा तो हुंकार मला कळे. अख्ख्या खोलीनं पाठ फिरवली असती तरी मी त्या एका 'हूं'वर वाचत राहिले असते.

त्या दुपारी बायका आपापले नेम सांगत होत्या आणि ग्रंथपाल दिगांबरराव दाराशी घोटाळत होते. सरळ बोलायचं नसलं की ते चष्मा पुसत. तेव्हा ते दुसऱ्यांदा पुसत होते.

"काकू, यंदा जरासा बदल करावा म्हणतो," ते म्हणाले. "म्हणजे तुमचं वाचन आहेच. ते कुठं जातंय? पण अर्धी दुपार तुम्ही, अर्धी दुपार शर्वरीताई. त्या एक कादंबरी वाचतील. नव्या सुना येत नाहीत हो आपल्याकडं. सभासद वाढले पाहिजेत."

शर्वरी कुंटूरकर. औषधाच्या दुकानवाल्या कुंटूरकरांची सून. माहेर नगरचं, लग्नाआधी बालवाडीत शिकवायची. त्या उन्हाळ्यात मुलांचं शिबिर तिनं घेतलं होतं. घोंगडी पांघरून ती अस्वल झाली आणि टेबलाखालून बाहेर आली, तेव्हा मुलं किंचाळली आणि दुसऱ्या दिवशी आयांना ओढत घेऊन आली. मी त्या वेळी पोथ्यांच्या कपाटाशी उभी होते. सगळी माणसं एका माणसाकडं बघताहेत आणि ते माणूस आपण नव्हे, हे बघायला कसं वाटतं ते मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं. मला तिचे दातसुद्धा जरा जास्तच वाटले.

आता ती दिगांबररावांच्या मागे उभी राहून हसत होती. "काकू, तुमच्याशेजारी बसायला मिळणार म्हणून मी हो म्हटलं हं."

"या की," मी म्हटलं. माझा आवाज हळूच होता, त्यामुळे कुणाला काही कळलं नाही.

"काकू, तुमचा नेम राहिला," सत्यभामाबाईंनी आठवण केली. "बोला. यंदा काय सोडलंत?"

घरून निघताना मी गूळ सोडायचं ठरवलं होतं. गूळ मला आवडतो. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"वाचन," मी म्हटलं. "यंदा मी वाचन सोडलं."

सगळ्या माझ्याकडं बघू लागल्या. गिरणीवालीसुद्धा.

मला काय हवं होतं ते सांगते. मला हवा होता गलका. 'असं कसं, काकू', 'तुमच्याशिवाय चातुर्मास कसला', 'दिगांबरराव, तुमचं ते कादंबरीचं खूळ ठेवा बाजूला'. मग मी थोडे आढेवेढे घेतले असते आणि गुळावर आले असते.

पण मी कुठल्या बायकांत बसले होते हे विसरले. या बायका नवऱ्याचा शब्द मोडतील, सासूचा मोडतील. देवापुढं घेतलेला नेम मोडा असं दुसरीला कधी सांगणार नाहीत. सत्यभामाबाईंनी चक्क हात जोडले.

"याला म्हणायचं सोडणं! नाहीतर आम्ही. कारलं!"

"वाचन म्हणजे कसलं, काकू?" कुणीतरी मागून विचारलं. "इथलंच, का घरचंही?"

एक शेवटची वाट होती, ती मीच बुजवली. मान ताठ करून म्हटलं, "अक्षरच नाही."

"आणि रोजच्या अध्यायाचं?"

"तो मला पाठ आहे."

दिगांबररावांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मग तर प्रश्नच मिटला," ते म्हणाले. "सगळी दुपार शर्वरीताईंची."

गयाआत्यांनी चाचपडत माझा हात धरला. "चांगला नेम घेतलास, बाय," त्या म्हणाल्या. "कठीण घेतलास."

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे सेवानिवृत्त तलाठी; शब्द मोजून वापरणारे.

"कुणावर रागावून?" ह्यांनी विचारलं.

"देवासाठी नेम घेतलाय. रागावून कोण घेतं?"

"बरं," हे म्हणाले आणि पेपर वाचू लागले. मोठ्यानं नव्हे, मनात. चार महिने ह्या माणसानं एक मथळा मला मोठ्यानं वाचून दाखवला नाही. मागितला की म्हणत, "तुझ्या पुण्यात मला वाटा नको."

अक्षर सोडणं किती अवघड, ते मला दुसऱ्या दिवशी बाजारात कळलं. डोळे आपले आपण वाचतात. किराणा, भांडार, येथे शिलाई मशीन दुरुस्त होईल. मी मान खाली घालून चालायला लागले, तर रस्त्यात पडलेल्या बिस्किटाच्या कागदावरही अक्षरं. शेवटी मी नजर पदरावर ठेवून चालू लागले. आठ दिवसांत गावात बोलणं सुरू झालं, की काकू फार विरक्त झाल्यात, कुणाकडं बघतसुद्धा नाहीत. कासारगल्लीतली एक नवी नवरी भर रस्त्यात माझ्या पाया पडली. माझा नेम आता माझा राहिला नव्हता. गावाचा झाला होता.

वाचनालयात जायचं नाही, असं मी ठरवलं होतं. पण न जाणं म्हणजे रुसणं, असं सत्यभामाबाई म्हणाल्या असत्या. म्हणून गेले. मागच्या भिंतीला टेकून वातीचा कापूस घेऊन बसले. शर्वरी चौरंगाशी आली, तिनं पुस्तकाला हळदकुंकू वाहिलं. अगदी माझ्यासारखं, आधी हळद मग कुंकू. तेही तिनं बघून ठेवलं होतं.

मग वाचायला लागली. वाचायला कसलं! तिला बसणं माहीतच नव्हतं. गुडघ्यावर यायची, उभी राहायची, पदर डोक्यावर घेऊन म्हातारी व्हायची, पदर खोचून नावाडी व्हायची. कादंबरी एका नावाड्याच्या पोरीची होती. रंगू तिचं नाव. नवरा पुरात वाहून गेलेला, पण कुणाला सापडला नाही, म्हणून ही कुंकू पुसत नाही आणि नाव हाकते. आणि पहाटे पैलतीरावरून कुणीतरी हाक मारतं, नवऱ्याच्या आवाजात.

"'रंगूऽऽ...'" शर्वरीनं हाक घातली. खोलीतल्या बायकांच्या हातातल्या शेंगा हातातच राहिल्या.

तिथं तिनं पुस्तक मिटलं. "उरलेलं उद्या."

"अगं बाई! कोण होतं ते?" सत्यभामाबाई ओरडल्या.

"मला तरी कुठं माहीत आहे? मी पुढचं वाचतच नाही. आधी वाचलं तर आवाजात कळतं."

"म्हणजे तुलाही माहीत नाही?"

"देवाशपथ."

मला ते पटलं नाही. पण मी माझे कान गयाआत्यांकडं लावले होते. सबंध वाचनात त्यांच्याकडून हुंकार आला नव्हता आणि माझा जीव हळूहळू गार होत होता. तेवढ्यात आत्या हसल्या. हुंकार नव्हे. हसू. दात नसलेल्या तोंडानं, पोरीसारख्या खदखदून. इतक्या वर्षांत माझ्या वाचनाला त्या एकदाही हसल्या नव्हत्या. देवीच्या माहात्म्यात हसण्यासारखं असतं काय, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर माहीत असूनही रात्रभर विचारलं.

शर्वरी माझ्याशी वाईट वागली असती तर सोपं झालं असतं. ती नको इतकं चांगलं वागे. मी आले की भिंतीवरची दिनदर्शिका उलटी करायची. सूचनाफलकावर घरून आणलेली ओढणी टाकायची. "काकूंच्या डोळ्यांना अक्षर पडायला नको," असं सगळ्यांना बजावायची. एकदा कुणीतरी मला शेंगदाणे दिले, तर पुढं झाली आणि पुडी काढून घेतली. शेंगदाणे माझ्या ओंजळीत ओतले आणि पुडीचा छापील कागद चुरगळून फेकला. सगळ्या म्हणाल्या, किती जपते ही काकूंच्या व्रताला! आणि मी ते शेंगदाणे एकेक करून चावले.

मी मागे बसून तिचं सगळं टिपत होते. ती कुठं श्वास घेते, कुठं आवाज खाली आणते, कुठल्या शब्दावर थबकते. मी मनात म्हणत असे, इथं उगाच ओरडली. इथं थांबायला नको होतं. चुका काढायला बसले होते. पण चुका काढायच्या तर ऐकावं लागतं, आणि ऐकता ऐकता त्या रंगूनं मलाही धरलं. दुपारी घरी येऊन मी भाकरी थापत असे आणि मनात पैलतीरावरची हाक. पुस्तक वाचनालयाच्या कपाटात होतं, किल्ली खिळ्याला टांगलेली होती, आणि गावातली मी एकटीच बाई अशी, की जिला ते उघडता येत नव्हतं. पुढं काय झालं हे कळायचं तर दुसऱ्या दिवशी जाऊन तिच्याच तोंडून ऐकायचं. हे मला फार लागे.

भाद्रपदात गावात तापाची साथ आली. एका दुपारी सगळ्या जमल्या आणि दिगांबरराव चष्मा पुसत आले. शर्वरी अंथरुणाला खिळली होती.

चौरंगावर पुस्तक होतं. त्यात खूण घातलेली होती. सतरंजीवर बायका होत्या. कुणी माझ्याकडं बघितलं नाही, आणि कुणी बघत नाही हेच सगळ्या बघत होत्या. मला वाटलं, एकीनं म्हणावं. एकदा म्हणावं. मी पापपुण्याचं नंतर बघितलं असतं.

"काकू आहेत की..." कोपऱ्यातून एक नवी सून म्हणाली.

"गप गं!" सत्यभामाबाई तिच्यावर खेकसल्या. "त्यांचा नेम मोडायला लावतीस? पाप कुणाला लागंल?" मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "काकू, मी काल गिरणीमुळं आले नव्हते. कालचं तेवढं सांगा. सांगणं म्हणजे काही वाचणं नव्हे."

नव्हेच. मी पुढं गेले. चौरंगाशी बसले, पुस्तकाला हात लावला नाही. इतक्या दिवसांनी तिथं बसले आणि समोर आत्यांचा गुडघा लागला. डोळे मिटले आणि कालचं सांगू लागले. पूर ओसरलाय. नाव दोरानं बांधलेली आहे. रंगू पहाटे पाण्याशी येते. सांगता सांगता मी गुडघ्यावर कधी आले ते मला कळलं नाही. पदर कधी खोचला तेही नाही. आवाज वर गेला, खाली आला, एका शब्दावर थबकला. आणि मी हाक मारली, "'रंगूऽऽ...'"

शेंगा थांबल्या. मागच्या बायका पुढं सरकल्या. माझ्यासाठी. माझ्या सबंध आयुष्यात पहिल्यांदा.

गयाआत्यांनी हात पुढं केला आणि माझ्या गालावरून फिरवला.

"शर्वरी, आलीस का गं, माय?" त्या म्हणाल्या. "ताप उतरला का?"

कुणी हसलं नाही. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पदर नीट केला, "काकू आहे मी, आत्या," असं म्हटलं आणि उठून मागच्या भिंतीशी गेले. त्या दिवशी पुढचं कुणी सांगितलं नाही.

त्यानंतर मी देवापुढं बसले की एकच मागू लागले. कार्तिकी लवकर येऊ दे. माझी जागा मला परत मिळू दे. आणि आत्यांना माझा आवाज ओळखू येऊ दे. तिन्ही मागणी एकाच दमात. देवाला क्रम लावायचा तर लावू दे.

दिवाळी झाली. अंकांची पेटी गावभर फिरली, माझ्या दारात थांबली नाही. आणि एका दुपारी सत्यभामाबाईंनी उद्यापनाचा विषय काढला. चातुर्मासात जे सोडलं ते उद्यापनाला आधी दुसऱ्याला द्यायचं, मग आपण घ्यायचं, ही रीत. साखर सोडणारी साखर देते, दूध सोडणारी दूध.

"मी कारली देणारे," त्या म्हणाल्या. "कोण घेतंय, पुढं या."

"आम्हाला नको! तुमचं पुण्य तुमच्याचकडं ठेवा!"

"आणि काकू? काकू काय देणार?"

"पुस्तक देतील एखादं."

"पुस्तक कुठं सोडलंय त्यांनी? वाचन सोडलंय. वाचनच दिलं पाहिजे. सुवासिनीला पाटावर बसवायचं, ओटी भरायची आणि वाचून दाखवायचं. तिला दिलं, की मग काकू मोकळ्या."

"कुणाला बसवायचं?" मी विचारलं. खरं तर मला गयाआत्यांना बसवायचं होतं. आत्यांनी ते ओळखलं असावं. त्या म्हणाल्या, "मी कशी चालेन, बाय? मला कुंकू नाही."

मग सगळ्यांच्या माना एकाच दिशेला वळल्या.

शर्वरी तापानं वाळली होती, पण डोळे तेच. "मला?" ती म्हणाली. "काकू, खरंच? मग मी शेवटचं प्रकरण वाचतच नाही. ते तसंच ठेवते. ते तुम्ही वाचा. मी तुमचं वाचन कधी ऐकलंच नाही."

नाही म्हणायला जागा नव्हती. पण त्या दिवसापासून मी मनात बेत धरला. शेवटचं प्रकरण मी तिच्याच तऱ्हेनं वाचणार, तिच्याहून चांगलं. पाटावर बसवून तिला दाखवणार, की तू चार महिने जे केलंस ते मी एका दुपारी करते.

कार्तिकी द्वादशीला वाचनालयात पाट मांडला. रांगोळी घातली. शर्वरी नऊवारी नेसून आली. तेही तिला शोभलं. तिच्या पायांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं, ओटी भरली. पाटाला लागून गयाआत्यांना बसवलं. त्याला रीत लागत नव्हती, मी नुसता हात धरून बसवलं. पुस्तकावर अंगणातल्या तुळशीचं, दशमीलाच खुडून ठेवलेलं पान वाहिलं, ते बाजूला ठेवलं आणि खुणेपाशी उघडलं.

चार महिन्यांनी अक्षर दिसलं.

मी काय ठरवलं होतं ते सगळं मी विसरले. पदर खोचायचा विसरले, गुडघ्यावर यायचं विसरले. बारीक काळी अक्षरं, एका ओळीखाली दुसरी, मुंग्यांच्या रांगेसारखी कुठंतरी निघालेली. मला त्यांच्या मागे जायचं होतं, एवढंच. वाचू लागले तेव्हा तोंडातून आला तो माझाच आवाज. हळू. पुढच्या दोन ओळींतल्या बायकांनाच ऐकू जाणारा.

मागे चुळबुळ झाली. कुणीतरी शेंगांची पिशवी सोडली. मला ते कळत होतं आणि थांबता येत नव्हतं. रंगूनं नाव सोडली. धुकं होतं. पैलतीर दिसत नव्हता, पण हाक येत होती.

"हूं," गयाआत्या म्हणाल्या.

मी पुढचं वाक्य वाचलं.

"हूं."

आणखी थोडं. आता हुंकार लांबला, खोल गेला. मग थांबला. मी नजर वर केली. आत्यांची मान शर्वरीच्या खांद्यावर कलली होती. तोंड किंचित उघडं. त्या घोरत होत्या.

"अवो आत्या!" सत्यभामाबाई पुढं आल्या. "उद्यापनाला झोपत्यात का!"

शर्वरीनं हातानं त्यांना थांबवलं. "झोपू द्या," ती कुजबुजली. "त्यांना रात्री झोप लागत नाही. त्यांची सून सांगत होती, चार महिने डोळ्याला डोळा नाही. आधी दुपारी इथं लागायची, तेवढीच." मग म्हणाली, "माझ्या वाचनात कधी नाही लागली."

हे ती सहज म्हणाली. पण सहज म्हणण्याला जेवढा आवाज लागतो, त्याहून तो किंचित बारीक होता. तिनं खांदा न हलवता आत्यांच्या तोंडाकडं बघितलं आणि मग माझ्याकडं. ती नजर मी ओळखली. कुणी शिकवायची गरज नव्हती. चार महिने मागच्या भिंतीशी बसून मी तीच नजर वापरली होती.

म्हणजे इतक्या वर्षांचा माझा तो हुंकार, पुस्तकातून नजर वर न करता ऐकलेला, तो झोपेच्या काठावरचा होता. मला वाईट वाटायला हवं होतं. मी वाट पाहिली, पण वाटलं नाही.

मी पुढची चार वाक्यं वाचली, आणखी हळू. धुकं विरळ झालं. नाव काठाला लागली. काठावर एक माणूस पाठमोरा उभा होता. रंगूनं वल्हं खाली ठेवलं. त्या माणसानं मान वळवली, आणि...

मी पुस्तक मिटलं.

"उरलेलं उद्या," मी म्हटलं.

"काकू!" शर्वरी ओरडली, आणि खांद्यावरच्या आत्यांची आठवण होऊन लगेच आवाज गिळला. "असं कसं? कोण होतं ते? काकू, मी चार महिने थांबलेय!"

"आत्या झोपल्यात. त्यांना सोडून पुढं कसं वाचायचं?"

"पण उद्यापन?" सत्यभामाबाईंनी विचारलं. "दान अर्धंच राहिलं की!"

"हो ना," मी म्हटलं. "उद्या पुन्हा बसावं लागणार."

पुस्तक मी चौरंगावर ठेवलं. खुणेच्या जागी ते तुळशीचं पान घातलं आणि त्याचं टोक बाहेर दिसेल असं ठेवलं. किल्ली खिळ्यालाच होती. पण देवाला वाहिलेलं पान हलवून त्या गावातली कुठलीही बाई ते पुस्तक उघडणार नव्हती. नगरहून आलेली असली तरी.

दुसऱ्या दिवशी मी जरा उशिराच गेले. पान जागचं हललं नव्हतं. दिगांबररावांनी सांगितलं, शर्वरीताई तासभर आधी येऊन बसल्यात. ती सतरंजीवर पहिल्या ओळीत होती, आत्यांना लागून. आज पाट नव्हता. आत्या पदराच्या टोकानं डोळे पुसत होत्या. रात्रीही झोप लागल्याचं कुणाला तरी सांगत होत्या.

मी हळद वाहिली, कुंकू वाहिलं. पान बाजूला घेतलं आणि माझ्या आवाजात पहिलं वाक्य वाचलं.

"हूं," कुणीतरी म्हणालं.

आत्यांचं तोंड मिटलेलं होतं; हुंकार त्यांच्या शेजारून आला होता.